प्रतीक्षेचे समीकरण

गणिताशी आमचे वैर जुने. परंतु वडिलांना सलाईनवाटे औषध चालू असताना ‘अजून गुण का येत नाही?’ या आमच्या प्रश्नाला एका गणिताच्या सहकाऱ्याने उत्तर दिले ते प्रथम क्रमाच्या एकघाती अवकल समीकरणातून.

अशी औषधे बहुधा ठरावीक वेगाने शरीरात येतात, जातात मात्र साठ्याच्या प्रमाणात. म्हणजे साठ्याचा बदलदर अधिक साठ्याची ‘क’ पट, बरोबर आवक. दोन्ही बाजूंना ई या संख्येच्या ‘क गुणिले काळ’ या घाताने गुणावे. डावी बाजू एकाच गुणाकाराचे अवकलज होते आणि समाकलनाने उत्तर हाती येते. आरंभी साठा शून्य धरला, तर एका अर्धायुष्यात अंतिम पातळीच्या ५० टक्के, दोहोंत ७५, तिहींत ८७.५. धार वाढवली तर पातळी वाढते. तिच्याकडे जाण्याचा काळ बदलत नाही.

विरहाच्या कविता आम्ही वर्षानुवर्षे शिकवल्या. प्रतीक्षेला माप असते हे येथे कळले. वडील बरे होतील का, हे त्या समीकरणात नव्हते. थांबणे म्हणजे काहीच न घडणे नव्हे, एवढे मात्र होते.