घरची कोठी

गृहस्थाश्रमी माणसाला दोन चिंता जन्मभर पुरतात. वस्तू ठेवायला जागा नाही, ही पहिली. आणि ठेवलेली वस्तू वेळेला सापडत नाही, ही दुसरी. पूर्वी या दोहोंवर एकच तोड असे, ती म्हणजे माजघरापलीकडली कोठीची खोली. धान्य, गूळ, लोणच्याच्या बरण्या, जमिनीचे कागद, सारे तिथे. आणि किल्ली कर्त्या बाईच्या कमरेला.

आता दोन खोल्यांच्या ब्लॉकात कोठी कुठून आणायची? शिवाय साठवायच्या वस्तूही पालटल्या. नातवाचे पहिले पाऊल, लेकीच्या लग्नाची हजारभर छायाचित्रे, ब्लॉकाच्या करारनाम्याची प्रत आणि आमच्या आईने अखेरच्या आजारपणात मोबाईलवर म्हणून ठेवलेल्या जात्यावरच्या ओव्या. हे सारे आम्ही परक्याच्या गोदामात ठेवून निश्चिंत होतो. १ जून २०२१ पासून गूगलने छायाचित्रांची अमर्याद फुकट साठवण बंद केली आणि १५ जीबीपुढे भाडे सुरू झाले. त्याबद्दल माझी तक्रार नाही; दुसऱ्याची जागा वापरली तर भाडे द्यावेच. पण दोन वर्षे कोणी न फिरकलेली खाती डिसेंबर २०२३ पासून काढून टाकली जाऊ शकतात, हे वाचले आणि मनात चर्र झाले. ओव्या आईच्याच खात्यात होत्या, आणि तिला जाऊन दीड वर्ष झाले होते. नशीब एवढेच, की पासवर्ड तिने स्वतःच्या हाताने कॅलेंडराच्या पाठीवर लिहून ठेवला होता.

"बाबा, आपण घरीच सर्व्हर मांडू," चिरंजीव म्हणाले.

सर्व्हर म्हटले की थंडगार दालनातली लोखंडी कपाटे डोळ्यांपुढे येतात. वस्तुतः मागितलेली वस्तू काढून देणारा कोणताही संगणक म्हणजे सर्व्हर; वाढपीच म्हणा ना! माळ्यावरचा जुना संगणक खाली आला. त्यावर लिनक्स चढले, आणि त्यावर नेक्स्टक्लाउड. फ्रँक कार्लिचेक नावाच्या जर्मन गृहस्थाने २०१६ साली सहकाऱ्यांसह सुरू केलेले हे सॉफ्टवेअर कोणालाही फुकट घेता येते. आता घरात कोणी फोटो काढला, की त्याची एक प्रत आपोआप कोठीत जाऊन पडते. राउटर घरातल्या प्रत्येक यंत्राला नंबर देतो, पण तो बदलू शकतो. म्हणून कोठीचा नंबर तेवढा कायमचा बांधून घेतला.

घरातले काम सोपे. खरी मेख बाहेरून आत येण्याची. लेक बंगळुरास. आपल्याकडे अनेक इंटरनेट कंपन्या पुष्कळ घरांना मिळून बाहेरचा एकच पत्ता देतात. सबंध चाळीला एकच टपालपेटी असावी, तसे हे. बाहेरून आलेल्याला आमचे बिऱ्हाड सापडायचे कसे? त्यावर टेलस्केलसारखी युक्ती आहे. घरचा संगणक आणि लेकीचा फोन दोघेही आतून बाहेर हाक मारतात, मध्यस्थ त्यांची गाठ घालून देतो, आणि पुढचे बोलणे तिसऱ्याला कळू नये अशा सांकेतिक भाषेत चालते. साऱ्या जगासाठी दार सताड उघडण्यापेक्षा हे बरे.

"अहो, हे डबडे रात्रंदिवस चालायचे? आणि बिल?" सौभाग्यवतींनी रास्त प्रश्न केला. ४० वॅटच्या हिशेबाने महिन्याला सुमारे २९ युनिट. हिशेब ऐकून त्या गप्प राहिल्या, म्हणजे मंजुरी मिळाली असे धरून चाललो.

पण वस्तू घरी आली की राखणही घरी आली. परक्याच्या गोदामात पहारेकरी असतो. इथे पहारेकरी आपणच. सॉफ्टवेअरच्या सुधारणा वेळच्या वेळी चढवायच्या, डिस्क कुरकुरते का ते पाहायचे. दोन डिस्क जोडून एकीचे प्रतिबिंब दुसरीवर पाडले, म्हणजे भागले असे नाही. एकीवर पुसलेले दुसरीवरही त्याच क्षणी पुसले जाते. जाणत्यांचा दंडक असा, की तीन प्रती असाव्यात, दोन निरनिराळ्या साधनांवर, आणि त्यांतली एक घराबाहेर. आमची घराबाहेरची प्रत बहिणीकडे, तिच्या दागिन्यांच्या डब्याशेजारी असते.

एवढे करूनही एक प्रश्न उरतोच. आईचा पासवर्ड सापडला म्हणून ओव्या वाचल्या. उद्या मी नसलो तर? कुलूप भक्कम आणि किल्ली एकाच्याच डोक्यात, अशी कोठी परक्याच्या गोदामाहून घातक. म्हणून साऱ्या खुणा, नंबर आणि पासवर्ड कागदावर शुद्ध मराठीत लिहून पाकीट लोखंडी कपाटात ठेवले आहे. कागद आहे, पण तो वाचून कोणाला काही करता येते का, हे अजून पाहायचे आहे. यंदा पाडव्याला सारी मंडळी जमली, की संगणक बंद करून मी खाली बागेत जाऊन बसणार आहे. कोणी फोन करायचा नाही. पाकीट उघडायचे, कोठी सुरू करायची आणि आजीच्या ओव्या लावायच्या. वर खिडकीतून आवाज आला, की मी चहाला येईन.