मनानं लिहिलं तरी लाल

"सर, मनानं लिहिलं तर तुम्ही लाल करता, बघून लिहिलं तर मशीन लाल करायलंय. मग लिहू तरी कसं?"

हे विचारणारी मुलगी वनस्पतिशास्त्रात पीएच.डी. करत होती. कंधार तालुक्यातलं गाव, दहावीपर्यंत मराठी शाळा, संशोधनाचा विषय तुरीवरचा मर रोग. मी नांदेडच्या एका महाविद्यालयात इंग्रजी शिकवतो. संशोधक विद्यार्थ्यांचं इंग्रजी "जरा बघून" देण्याचं काम कधी माझ्या गळ्यात पडलं ते कळलं नाही. बहुतेक मी एकदा कुणाला नाही म्हणालो नाही, तेव्हाच. तिच्या प्रबंधाचा तपासणी अहवाल आला होता. आधी छापलेल्या मजकुराशी साम्य ३४ टक्के.

विद्यापीठ अनुदान आयोगाचे वाङ्मयचौर्याबद्दलचे २०१८ चे नियम आता प्रत्येक संशोधकाला पाठ असतात. साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर कुणी काही बोलत नाही. १० ते ४० मध्ये सहा महिन्यांच्या आत सुधारून आणायचं. ४० ते ६० असेल तर वर्षभर सुधारित प्रबंधही देता येत नाही. त्याच्या पुढे गेलात तर नोंदणीच रद्द. २०१९ पासून गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या केंद्रानं 'शोधशुद्धी' योजनेतून विद्यापीठांना तपासणीचं सॉफ्टवेअर दिलं आणि हा आकडा पोरांच्या झोपेत शिरला. "तुझं किती आलं?" हा प्रश्न ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर बारावीच्या निकालासारखा विचारला जातो.

आम्ही दोघं तो अहवाल घेऊन बसलो. पहिलं लाल पान पाहून मला हसूच आलं. बुरशी वाढवायला लागणाऱ्या माध्यमाची कृती होती ती: बटाटा २०० ग्रॅम, डेक्स्ट्रोज २० ग्रॅम, अगार २० ग्रॅम, पाणी एक लिटर, १२१ अंशांवर १५ मिनिटं निर्जंतुक. ही कृती लातूरच्या प्रयोगशाळेत जी, तीच जपानमध्ये. ती वेगळ्या शब्दांत लिहायची म्हणजे काय करायचं? "तूर हे भारतातलं महत्त्वाचं कडधान्य पीक आहे" हे वाक्यही लाल. त्यानंतरचं "फ्युजेरियम उडम या बुरशीमुळे मर रोग होतो" हेही. सगळ्यांना ठाऊक असलेल्या गोष्टींसाठी सलग १४ शब्दांपर्यंतचं साम्य धरायचं नाही, अशी सूट त्या नियमांत आहे. पण अहवाल काढताना ती गाळणी कुणी लावली तर लागते. तिच्या वेळी लागली नव्हती. ती लावून घेतल्यावर आकडा थोडा उतरला.

पूर्वसंशोधनाच्या आढाव्याचं प्रकरण मात्र हसण्यासारखं नव्हतं. परिच्छेदच्या परिच्छेद उचललेले. प्रत्येकाच्या शेवटी कंसात लेखकाचं नाव आणि साल व्यवस्थित दिलेलं. अवतरणचिन्ह एकही नाही. मी विचारलं तर ती म्हणाली, "नाव दिलंय की सर खाली. चोरायचं असतं तर नाव कशाला दिलं असतं?"

याला तिथल्या तिथे उत्तर देणं सोपं नव्हतं. रेबेका मूर हॉवर्ड नावाच्या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९९३ मध्येच असं म्हटलं होतं की, मूळ मजकुरातले काही शब्द बदलून, काही गाळून, ठिगळं जोडत लिहिणं ही बऱ्याचदा चोरी नसते. नव्या विषयात आणि त्याच्या भाषेत शिरू पाहणारा माणूस तसाच चाचपडत लिहितो. आमच्या मुलीनं तर ठिगळही लावलं नव्हतं, अख्खं कापड उचललं होतं. पण ते लपवलंही नव्हतं.

आणि हे तिला शिकवलं कुणी? मी अहमदपूरकडचा, अकरावी-बारावी लातूरला. मराठी शाळेतून आलेल्या पोराला विज्ञान शाखेत पहिल्याच दिवशी जीवशास्त्र इंग्रजीतून भेटतं. आमच्या खोलीवरची पोरं पहाटे उठून व्याख्या घोकत. व्याख्या 'जशीच्या तशी' आली तर पूर्ण गुण. एखादा शब्द स्वतःच्या मनाचा घातला की अर्धा गुण गेला. घोकंपट्टी आणि सराव परीक्षांच्या या 'लातूर पॅटर्न'चं मी वाईट बोलणार नाही. त्या सराव परीक्षांनी आमच्या भागातली कितीतरी घरं वर आणली. पण इंग्रजीशी आमची ओळख झाली ती अशी: वाक्य दुसऱ्याचं असतं, आपलं काम ते न सांडता उत्तरपत्रिकेपर्यंत नेणं. माझे आजोबा निजामाच्या राज्यात गणित उर्दूतून शिकले होते. पहाडे उर्दूत म्हणत आणि दुकानातला हिशेब मराठीत करत. परक्या भाषेतलं आधी तोंडपाठ, मग जमलं तर समजून, ही रीत आमच्याकडे इंग्रजीच्याही आधीची.

२०१०च्या आसपास नांदेड जिल्ह्यात जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी कॉपीमुक्तीची मोहीम राबवली. मी तेव्हा कनिष्ठ महाविद्यालयात होतो, परीक्षेला पर्यवेक्षक. केंद्रावर बैठे पथक, रस्त्यावर पोलीस, खिडकीतून गाईडची पानं फेकणारे भाऊ-मामा गायब. चांगलं झालं, आजही म्हणतो. पण इंग्रजीच्या पेपरला बाकांमधून फिरताना दिसलं की, खिसे रिकामे असलेली पोरं एकच निबंध लिहितायत. गावाबाहेर फार तर माळेगावच्या यात्रेला गेलेला पोरगा थंड हवेच्या ठिकाणाची सहल लिहीत होता, शेजारचाही तीच, त्याच धुक्यासह. कागदावरची चिठ्ठी पकडायला पथक होतं. पाठ केलेल्याला गुण होते.

त्याच पोरांतली काही दहा वर्षांनी प्रबंध घेऊन आली आणि आम्ही त्यांना सांगितलं, दुसऱ्याचं वाक्य वापरणं गुन्हा आहे.

त्या मुलीसोबत मी केलं ते एवढंच. लॅपटॉप बंद करायला लावला आणि म्हटलं, शेतात काय दिसलं ते मराठीत सांग. ती बोलायला लागली. फुलं-शेंगांवर आलेलं झाड हिरव्या शेतात एकटंच उभ्याउभ्या कसं वाळतं, बुडापासून वर चढणारा जांभळट पट्टा, खोड उभं चिरलं की आत दिसणारी काळपट रेघ. शेतकरी आधी पाण्याला दोष देतात, मग बियाण्याला. एकानं बदनापूरचं बीडीएन ७११ हे वाण लावलं होतं, त्याच्या बांधापलीकडच्या शेतात मर जास्त होती. हे सगळं तिच्या प्रबंधात होतंच, पण दुसऱ्यांच्या वाक्यांच्या तळाशी दबलेलं. मग मी म्हटलं, आता हेच इंग्रजीत, छोट्या वाक्यांत, समोर काही न ठेवता. ज्याचं वाक्य जसंच्या तसं हवंच असेल, ते अवतरणात घाल आणि का हवंय ते मला सांग. असं विचारल्यावर मोजकीच अवतरणं उरली.

चुका भरपूर होत्या. पण लाल शाईचा पेन मी बाजूला ठेवला. आधी म्हणणं नीट आहे का ते बघितलं, क्रियापदं शेवटी. तिच्या प्रश्नातला अर्धा दोष माझ्यासारख्यांचाच; मुलाचं पहिलं स्वतःचं वाक्य आलं की आम्ही त्यातला काळ चुकलेला तेवढा दाखवतो, आणि तो शहाणा होऊन पुढच्या वेळी छापील वाक्य आणतो.

बाकीच्यांनी वेगळे मार्ग शोधले आहेत. साम्य 'कमी करून' देणारे लोक झेरॉक्सच्या दुकानांत भेटतात. यंत्राला मजकूर घालायचा, ते शब्दाला प्रतिशब्द लावत जातं. अशा लेखांची झाडाझडती २०२१ मध्ये काही संशोधकांनी घेतली, तेव्हा 'ब्रेस्ट कॅन्सर'चं 'बुझम पेरिल' झालेलं सापडलं होतं. एका प्रबंधात मी 'विल्ट'चं, म्हणजे मर रोगाचं, 'ड्रूप' झालेलं बघितलं. आकडा मात्र झकास येतो. आता चॅटजीपीटी आल्यावर त्या दुकानांचीही गरज कमी झाली, आणि ते पकडणारी यंत्रं आली. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशी सात यंत्रं तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी स्वतः लिहिलेले निम्म्याहून अधिक परीक्षा-निबंध या यंत्रांनी चॅटजीपीटीसारख्यानं लिहिलेले ठरवले. कारण सरळ आहे: साधे, ठरावीक शब्द. म्हणजे आमची मुलगी शेवटी मनानं लिहायला शिकली, तर तेही संशयात.

आणि खरी चोरी? मला एक प्रबंध बघायला मिळाला होता. विषय आणि संस्था सांगत नाही. साम्य ६ टक्के. इंग्रजी सफाईदार. वाचता वाचता मला उदाहरणांचा क्रमही ओळखीचा वाटू लागला. एका मराठी पुस्तकाचं ते प्रकरणच्या प्रकरण भाषांतर होतं, पुस्तकाचं नाव संदर्भसूचीतही नाही. आमच्या सॉफ्टवेअरला त्यात काही दिसलं नव्हतं. २०१८च्या नियमांत चोरीची व्याख्या दुसऱ्याच्या कामाची आणि कल्पनेची आहे, नुसत्या शब्दांची नाही. मी पुस्तक घेऊन जबाबदार माणसाकडे गेलो. ते म्हणाले, "अहवाल स्वच्छ आहे ना? मग कशाला उकरता?" प्रबंध पुढे गेला.

आमच्या मुलीचा अहवाल दुसऱ्यांदा दहाच्या आत आला. तिचे मार्गदर्शक माझ्यावर नाराज होते. "भाषा कच्ची वाटते हो, शाळेतल्या पोरीनं लिहिल्यासारखी. बाहेरचा परीक्षक काय म्हणेल? जर्नलवाले पहिल्या पानावर परत पाठवतील." त्यांचं खोटं नव्हतं. दोन ठिकाणांहून तिचा लेख भाषेच्या कारणावरून परत आलाही. मी म्हटलं, भाषा सुधारता येते, तिची आहे म्हणून. त्यांना ते पटलं नाही. आजही पटलेलं नाही. ते त्यांचे विद्यार्थी माझ्याकडे पाठवतात, पण अहवाल आल्यावर, हातात आकडा आणि सहा महिन्यांची मुदत घेऊन. मी दर वेळी निरोप देतो की पहिल्या वर्षीच पाठवा, नोंदणी झाली की लगेच. ते फोनवर "हो हो, बरोबर आहे सर" म्हणतात.