वाऱ्याचा माग

शेफील्डमधलं आमचं भाड्याचं घर व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं होतं. डोंगरउतारावर एकमेकांना चिकटलेल्या लाल विटांच्या घरांची ओळ, आणि तिच्या अगदी टोकाला आम्ही. टोकाच्या घराला एक भिंत जास्त उघडी असते. भाडं जरा कमी का, ते थंडी पडल्यावर कळलं. भिंती नऊ इंची, भरीव. पुढे इंग्लंडात मध्ये पोकळी सोडून दुहेरी भिंती बांधायला लागले. त्या पोकळीत नंतर थंडी अडवणारं भरण घालता येतं. आमच्या भिंतीत तशी जागाच नव्हती.

तो २०१०चा डिसेंबर होता. मध्य इंग्लंडच्या तापमानाच्या नोंदी १६५९पासून ठेवलेल्या आहेत. त्यांत १८९०नंतरचा सगळ्यात गार डिसेंबर हाच, अख्ख्या महिन्याची सरासरी शून्याच्या खाली. बर्फ नोव्हेंबर संपायच्या आतच आला. आमच्या चढावरच्या बस बंद पडल्या. घरात काही आठवड्यांची लेक, आणि माझ्या बाळंतपणासाठी वाईहून आलेली आई.

आईचा जन्म वाड्यात गेला. चौक, झरोके, समोरासमोर दारं. वारा घरात यावा म्हणून बांधलेलं घर. इथे वारा न बोलावता येत होता. बॉयलर दिवसभर धडधडायचा, रेडिएटरला हात लावला तर चटका बसायचा आणि घोटे मात्र गारठलेले. "अगं, एवढा गॅस जळतोय तो जातो कुठे?" आई विचारायची. प्रश्न बरोबर होता.

उत्तर शेजारच्या आजोबांनी दिलं. पोलादाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, बायको गेल्यावर एकटेच राहायचे. बर्फ उपसायचं फावडं द्यायला आले आणि दारातच थबकून म्हणाले, "तुमच्याकडे त्या वासाच्या काड्या असतील ना? एक पेटवा." देवापुढची अगरबत्ती हातात धरून ते घरभर फिरले. दाराच्या उंबऱ्याशी धूर आडवा झाला. पत्रपेटीच्या फटीशी, खिडकीच्या चौकटीशी, भिंत आणि जमीन मिळते त्या कोपऱ्यांतही तेच. बैठकीतल्या बंद फायरप्लेसपाशी मात्र धूर सरळ आत ओढला गेला आणि दिसेनासा झाला.

मग त्यांनी सांगितलं ते मला तोवर कधी सुचलं नव्हतं. गरम हवा वर चढते, धुराड्यातून निघून जाते आणि तिची जागा भरायला फरशीखालची, दाराखालची गार हवा आत खेचली जाते. म्हणजे घर जितकं तापवाल तितका वारा जास्त. आम्ही पैसे भरून थंडी आत ओढत होतो!

पहिलं काम धुराड्याचं. पूर्वी तिथे कोळसा जळायचा. इंग्लंडात १९५६चा स्वच्छ हवेचा कायदा आला, मग गॅस आला आणि धुराडी रिकामी राहिली. आजोबांनी जुनी उशी प्लास्टिकच्या पिशवीत घालून वर कोंबली. पिशवीचं एक टोक मुद्दाम खाली लोंबतं ठेवलं, म्हणजे कोणी चुकून आग पेटवणार नाही. बाजूला बोटभर फटही राखली, कारण धुराडं ठार बंद केलं तर आत ओल धरते. बाहेरच्या भिंतीत जमिनीलगत जाळीच्या विटा होत्या. त्या बुजवायला नवरा निघाला तेव्हा आजोबा जवळजवळ ओरडलेच. त्या विटांमधून लाकडी जमिनीखाली हवा खेळते; ती थांबली तर खालच्या तुळया कुजतात. अडवायचा वारा कोणता आणि सोडायचा कोणता, हे त्या घरात राहिलेल्यालाच ठाऊक.

सॅश खिडक्यांचं काम कटकटीचं. दोन झडपा वरखाली सरकतात, त्यांना तोलून धरणारी लोखंडी वजनं चौकटीच्या पोकळ पेटीत दोरीला टांगलेली असतात, आणि त्या पेटीतूनच वारा येतो. आम्ही झडपांच्या फटींत पुठ्ठ्याच्या घड्या ठोकल्या, काचेवर पातळ प्लास्टिक ताणून ते केस वाळवायच्या यंत्राने तापवलं. सुरकुत्या जाऊन ते ढोलकीच्या चामड्यासारखं ताठ झालं. पडदे रेडिएटरवर लोळत होते. खालून वर येणारी ऊब सरळ काचेकडे जात होती. ते आखूड केले. या बिनपैशाच्या कामाने फरक पडला तेवढा दुकानातून आणलेल्या कुठल्याच वस्तूने पडला नाही, असं माझं मत आहे.

आई आणि घरी येणारी नर्स यांचं मात्र शेवटपर्यंत जमलं नाही. बाळाच्या खोलीत १६ ते २० अंश पुरे, घरात टोपी नको, जड पांघरूण नको, असं नर्स सांगायची. आईला टोपडं, दुपटं आणि ओव्याची शेक-शेगडी हवी होती. बंद खोलीत निखारे ठेवू देणं शक्यच नव्हतं, त्यातून विषारी वायू साचतो. तडजोड झाली ती अशी: बाळ नर्सच्या नियमाने, आणि मी आईच्या. धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेली गरम पाण्याची रबरी पिशवी माझ्या कमरेशी आली.

एका पहाटे बॉयलर गुडगुडला आणि बंद पडला. या नव्या बॉयलरमधून थेंब थेंब पाणी निघतं, ते बाहेर नेणारी बारीक नळी गोठली होती. त्या थंडीत देशभर कितीतरी घरांत हेच झालं. नवरा किटली घेऊन बर्फात उभा राहिला. पाणी उकळतं नको, कोमट. नाहीतर नळी तडकते.

दाराखालच्या फटीसाठी आजोबांच्या घरी कापडी अजगर होता, तांदूळ भरलेला. "अन्न? पायापाशी?" आईने तोंड फिरवलं. जुन्या साडीची लांब नळी शिवून तिने तीत चिंध्या आणि मांजरासाठी विकतात ती खडी भरली. काठाची बाजू नीट वर आली पाहिजे म्हणून एकदा उसवून पुन्हा शिवली. आजोबांनी ती हातात घेऊन तोलून पाहिली आणि दुसऱ्या दिवशी एका कागदावर आपल्या मागच्या दाराचं माप लिहून आणलं. खाली, रंग हिरवा असला तर बरं, असंही लिहिलं होतं.