किती सेकंद उभा आहे?

मरोळ एमआयडीसीतल्या एका गाळ्याच्या पोटमाळ्यावर माझा एक जुना लिनक्सचा डबा होता. खालच्या यंत्रांची मोजमापं टिपणारा प्रोग्रॅम त्यावर रात्रंदिवस चालायचा. सुरू होताना तो आपला प्रोसेस क्रमांक एका फाइलीत लिहून ठेवी. पावसाळ्यात एकदा वीज गेली, डबा पुन्हा उठला, आणि फाइलीतला तो जुना क्रमांक आता भलत्याच प्रोसेसला मिळालेला. माझी स्क्रिप्ट म्हणाली, ‘आधीच चालू आहे.’ सकाळपर्यंत एकही नोंद नाही.

त्यानंतर मी सेवांवर पहारा ठेवणारं रनिट बसवलं. डॅनियल बर्नस्टाइन यांच्या डीमनटूल्सच्या वळणावर गेरिट पापे यांनी लिहिलेलं, अगदी आटोपशीर. फाइलीतल्या ऐकीव क्रमांकावर ते विसंबत नाही. प्रत्येक सेवेला स्वतःचा एक पहारेकरी, रनएसव्ही. तोच तिला जन्म देतो, आणि मूल गेलं की कर्नल पालकालाच कळवतो. मग तो तिला पुन्हा उभं करतो. सेवा सुरू करणारी ‘रन’ फाइल चार ओळींची, पण शेवटच्या ओळीतलं ‘एक्झेक’ विसरायचं नाही. त्याने शेल आपली जागाच प्रोग्रॅमला देऊन टाकतं. ते नसेल तर शेल हे मूल आणि प्रोग्रॅम नातवंड. थांबवायला जावं तर शेल मरतं आणि नातवंड पोर्ट धरून बसतं. माझी एक अख्खी दुपार यात गेली आहे.

पण खरा धडा पुढेच होता. नोंदी पुन्हा थांबल्या, आणि सेवेची स्थिती सांगणारं ‘एसव्ही स्टेटस’ मात्र दर वेळी ‘रन’, म्हणजे चालू, म्हणत होतं. मी तेवढाच शब्द वाचून निश्चिंत होत होतो. पुढचे आकडे वाचले तेव्हा उलगडलं: लॉगची सेवा सहा दिवस उभी, प्रोग्रॅम १ सेकंद. पुन्हा विचारलं, तरी १ सेकंदच. तो पडत होता, रनएसव्ही सेकंदभर थांबून त्याला उचलत होता, तो पुन्हा पडत होता. लॉग वेगळ्या प्रोसेसमध्ये असल्यामुळे त्याचं शेवटचं बोलणं दर खेपेस टिपलं गेलं होतं. लॉगच्या ‘करंट’ फाइलीत एकाखाली एक तीच ओळ: टीटीवाय-यूएसबी-शून्य सापडत नाही.

यंत्राची यूएसबी केबल निघून पुन्हा बसली होती आणि त्याला आता ‘शून्य’ऐवजी ‘एक’ हे नाव मिळालं होतं. उपकरणांना नावं देणाऱ्या यूडेव्हमध्ये नियम लिहून त्याला कायमचं नाव दिलं. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी स्टेटस पाहिलं. प्रोग्रॅमच्या सेकंदांचा आकडा ८६ हजारांच्या पुढे गेला होता.