कुशीनगरहून आजीला

गोरखपूर, ९ जानेवारी

प्रिय आजी,
सप्रेम जयभीम.

गाडी पाच तास उशिरा पोचली. लखनऊ सोडलं आणि धुक्यानं खिडकी पांढरी करून टाकली, त्यानंतर गाडी चाचपडतच चालली. तू बांधून दिलेल्या पोळ्या आणि ठेचा झाशीपर्यंत पुरला. लाडू अजून आहेत. स्टेशनजवळच्या धर्मशाळेत उतरले आहे, खोली स्वच्छ आहे, काळजी करू नकोस. उद्या सकाळी बसनं कुशीनगर. इथून पन्नासेक किलोमीटर.

डब्यातल्या एका काकूंनी विचारलं, "बोधगया सोडून कुशीनगरला का?" त्यांचं खरंच होतं. बोधगयेला सिद्धार्थाचा बुद्ध झाला, सारनाथला पहिला उपदेश झाला. यात्रेकरूंची पावलं आधी तिकडेच वळतात. कुशीनगर ही बुद्धांच्या महापरिनिर्वाणाची जागा. मी काकूंना म्हटलं, माझी आजी नऊ वर्षांची असताना कुशीनगरचे एक भंते नागपूरला आले होते, त्यांचं ठिकाण पाहायला चालले आहे. मग तुझी सगळी गोष्टच सांगितली त्यांना.

ती गोष्ट मला पाठ आहे. १४ ऑक्टोबर १९५६, बाबासाहेबांची धम्मदीक्षा. पणजोबांनी बैलगाडी जुंपली, तुझ्यासाठी पांढऱ्या कापडाचा झगा शिवून घेतला, वाटेत मुक्काम करत तुम्ही नागपूरला पोचलात. माणसांचा तो पांढरा समुद्र. पणजोबांच्या खांद्यावर बसूनही तुला मंचावरचे बाबासाहेब नीट दिसले नाहीत. दिसले ते चीवर नेसलेले एक म्हातारे भंते, आणि कर्ण्यातून आलेला त्यांचा थकलेला आवाज तेवढा कानात राहिला. "ते कुठले होते, कोणी सांगतलंच नाही," हे तू दर विजयादशमीला म्हणतेस. मी पुस्तकांतून शोधून काढलं, तुला सांगितलंही. पण सांगणं वेगळं आणि जाऊन पाहणं वेगळं.

निघताना तू म्हणालीस, "काही मांगाले नोको जाऊ, पाहाले जाय." तेच करणार आहे.

दारातला रांजण भरायला शेजारच्या पोराला सांग. त्या गुडघ्यांनी तू बादली उचलू नकोस.

तुझी नात

कुशीनगर, १० जानेवारी

प्रिय आजी,
जयभीम.

सकाळी निघाले तेव्हा दहा हातांपलीकडे दिसत नव्हतं. रस्त्यावर उसानं भरलेल्या ट्रॉल्यांची रांग होती. धुक्यातून आधी उसाचा वास यायचा, मग ट्रॉली दिसायची. कसया नावाचं छोटं बाजारगाव लागलं, तिथून रिक्षानं कुशीनगर.

एक सांगते, हे गाव अडीच हजार वर्षांपूर्वीही लहानच होतं. बुद्ध इथे पोचले तेव्हा ऐंशी वर्षांचे, आजारी होते. त्यांचा शिष्य आनंद याला वाईट वाटलं. राजगृह, श्रावस्ती, वाराणसी अशी मोठमोठी नगरं सोडून या मातीच्या भिंतींच्या खेड्यात कशाला, असं तो म्हणाला. बुद्धांनी त्याला अडवलं. याला लहान म्हणू नकोस, पूर्वी इथे कुशावती नावाची भरभराटीची राजधानी होती, असं सांगितलं. गावाला लहान म्हटलेलंही त्यांना चाललं नाही.

मंदिर पांढरं आहे, अर्धगोल छताचं, भिंतीत वाटोळ्या खिडक्या, आणि मागे त्याला लागूनच स्तूप. सध्याचं बांधकाम १९५६ सालचं, बुद्धांच्या परिनिर्वाणाला अडीच हजार वर्षं झाली म्हणून सरकारनं केलेलं. तुझी दीक्षा आणि हे मंदिर एकाच वर्षाचं! दारात चपला काढल्या, तर फरशी इतकी गार की पाय आपोआप भराभर पडायला लागले. पण आत पाऊल टाकलं आणि थांबलेच.

आतली खोली मोठी नाही. तिच्यात उजव्या कुशीवर निजलेले बुद्ध आहेत, वीस फूट लांब. उत्तरेकडे डोकं, उजवा हात गालाखाली, डावा मांडीवर सरळ ठेवलेला. मूर्ती लाल वालुकाश्माची, पाचव्या शतकातली. ती हरिबल नावाच्या भिक्षूनं दान दिली, असं चौथऱ्यावरच कोरलेलं आहे. पुढे हे ठिकाणच विस्मरणात गेलं, वर झाडी माजली. १८७६ साली कार्लाइल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं उत्खनन केलं तेव्हा मूर्ती तुकड्यांत सापडली. त्यानं ते तुकडे जुळवून ती पुन्हा उभी, म्हणजे निजलेली, केली. तरीही हेच कुशीनगर का, अशी शंका होती. १९११च्या सुमारास हिरानंद शास्त्रींना मागच्या स्तूपात एक ताम्रपट मिळाला, त्यावर परिनिर्वाण चैत्याचा उल्लेख होता. मग शंका फिटली.

आता मूर्तीवर सोन्याचा मुलामा आहे आणि अंगावर गळ्यापर्यंत चीवर पांघरलेलं असतं. मी उभी असतानाच ब्रह्मदेशातली एक मंडळी आली. त्यांच्यातल्या चौघींनी सोनेरी चीवराची चार टोकं धरली आणि पायांकडून हळूहळू ते वर सरकवत नेलं. झोपलेल्या आजारी माणसाला जाग येऊ नये म्हणून आपण पांघरूण घालतो ना, अगदी तसं. एका बाईनं खांद्याशी पडलेली चुणी हातानं सारखी केली. आबांच्या शेवटच्या दिवसांत तू त्यांची चादर अशीच सारखी करायचीस. माझे डोळे भरून आले.

इथले लोक सांगतात, डोक्याशी उभं राहून पाहिलं तर चेहरा हसरा दिसतो, मधून पाहिला की विचारात गढलेला, आणि पायांशी गेलं की अगदी शांत. मी तिन्ही जागी उभी राहिले. मला पायांशीच राहावंसं वाटलं. भले थोरले तळवे आहेत. पंचेचाळीस वर्षं चाललेले पाय.

ती मंडळी खाली बसून वंदना म्हणायला लागली. आधी मला एक अक्षर कळेना. मग उमगलं, हे आपलंच त्रिसरण! 'सरण' त्यांच्या तोंडी 'थरण' असं काहीसं येत होतं, चालही निराळी. मी त्यांच्या मागे बसून आपल्या उच्चारांत म्हणत गेले. तिसऱ्या आवर्तनाला शेजारच्या म्हाताऱ्या बाईनं माझ्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. एकमेकींची भाषा येत नव्हती. पण पाच शीलं आम्ही एकत्र घेतली.

चौथऱ्याच्या दर्शनी बाजूला तीन लहान आकृती कोरल्या आहेत. मधली पाठमोरी, ध्यानाला बसलेली. तो सुभद्र, असं जाणकार सांगतात. त्याच्याविषयी उद्या लिहिते, हात गारठलेत.

तुझी नात

कुशीनगर, ११ जानेवारी

प्रिय आजी,
जयभीम.

आज रामाभार स्तूपाला चालत गेले, दीडेक किलोमीटर. मल्ल लोकांनी बुद्धांच्या देहाला इथे अग्नी दिला. विटांचा प्रचंड ढिगारा आहे, जवळजवळ पंधरा मीटर उंच. ना कळस, ना मूर्ती. भोवती हिरवळ, झाडं आणि थायलंडहून आलेल्या यात्रेकरूंची संथ प्रदक्षिणा. अस्थींवरून सात-आठ ठिकाणचे लोक भांडायला उठले, तेव्हा द्रोण नावाच्या ब्राह्मणानं त्यांना समजावलं, ज्यानं क्षमा शिकवली त्याच्या अस्थींवरून लढाई कसली. मग त्यानं अस्थींचे आठ वाटे केले.

एका दगडावर बसून मी बुद्धांचा तो शेवटचा दिवस पहिल्यापासून आठवला. सकाळचं जेवण चुंदाच्या घरी झालं. चुंद लोहाराचा मुलगा. त्या जेवणानंतर दुखणं वाढलं, वाटेत दोनदा-तीनदा टेकावं लागलं. अशा वेदनेतही त्यांना घोर लागला तो चुंदाचा. लोक त्याला बोल लावतील, तो स्वतःला खाईल. म्हणून त्यांनी आनंदाला बजावलं की चुंदाला सांग, मनाला लावून घेऊ नकोस. ज्ञान होण्याआधी मिळालेलं अन्न आणि हे शेवटचं अन्न, दोन्ही सारख्याच पुण्याची. लोहाराच्या घरच्या घासाला त्यांनी ज्ञानाआधीच्या सुजातेच्या खिरीच्या मानाला बसवलं.

आणि मग रात्री सुभद्र आला. परिव्राजक होता, मनात शंका होती, उद्या विचारायला कोणी उरणार नाही हे त्याला ठाऊक होतं. आनंदानं त्याला वाटेतच अडवलं. भगवंत थकले आहेत, त्रास देऊ नकोस. सुभद्रानं तीनदा विनवलं, तीनदा नकार मिळाला. ते बोलणं बुद्धांनी ऐकलं आणि म्हणाले, अडवू नकोस, येऊ दे त्याला. सुभद्र जवळ गेला, त्याच्या शंकेचं उत्तर मिळालं, त्याच रात्री तो संघात आला. बुद्धांच्या हयातीतला तो शेवटचा शिष्य.

आजी, ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकलेली. पण आज या गावात बसल्यावर तिचा अर्थ लागला. जिथे बुद्धांचा शेवटचा श्वास गेला, तिथे त्यांनी शेवटचं काम केलं ते वाटेत अडवलेल्या माणसाला आत घेण्याचं. आणि पुढे अडीच हजार वर्षांनी, ज्यांना देवळाच्या पायरीवर, विहिरीच्या काठावर, शाळेच्या दारात अडवलं होतं, त्या तुझ्या-माझ्या माणसांकडे भंते याच गावातून आले.

दुपारी ब्रह्मी विहारात गेले. भिंतीवर त्यांचं छायाचित्र आहे. महास्थविर चंद्रमणी. जन्म ब्रह्मदेशातल्या आराकानचा. तरुणपणी भारतात आले आणि उजाड झालेल्या या जागी राहून त्यांनी ती पुन्हा नांदती केली. १९५६ साली भारतातले सर्वांत ज्येष्ठ भिक्षू तेच होते, म्हणून बाबासाहेबांनी त्यांना नागपूरला बोलावलं. ऐंशीच्या घरातलं वय, एवढा लांबचा प्रवास. त्यांनी बाबासाहेबांना आणि त्यांच्या पत्नी माईसाहेबांना त्रिसरण-पंचशील दिलं. मग बाबासाहेब तुमच्याकडे वळले आणि त्यांनी स्वतः तुम्हां सर्वांना दीक्षा दिली, बावीस प्रतिज्ञा दिल्या. पुढच्याच महिन्यात काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेहून परतताना बाबासाहेब कुशीनगरलाही येऊन गेले. त्यानंतर काही दिवसांतच ६ डिसेंबर, बाबासाहेबांच्या जाण्याचा दिवस, उजाडला.

विहारातल्या भंतेजींनी कुठून आलात विचारलं. मी नागपूर म्हणताच ते उठून उभे राहिले आणि त्यांनी मला छायाचित्राजवळ नेलं. मी तुझं सांगितलं. एवढ्या गर्दीत माझ्या आजीला फक्त हेच दिसले होते, म्हटलं. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तो उन्हें बता दीजिए कि आप उनके घर होकर आई हैं।"

म्हणून कळवते. तुझे ते म्हातारे भंते इथले, आजी. मी त्यांच्या घरी जाऊन आले.

तू सांगितल्याप्रमाणे काही मागितलं नाही. संध्याकाळी पुन्हा मंदिरात जाऊन पायांशी बसले. धुकं दारापर्यंत आलं होतं. एकसारखा तुझा रांजण आठवत होता. पणजोबांना लहानपणी विहिरीवर पाणी शिवू दिलं नाही, वरून ओंजळीत ओतलं. म्हणून नागपूरहून परतल्यावर त्यांनी दाराबाहेर रांजण ठेवला. तेव्हापासून आपल्या दारात कोणालाही, कोण कुठला न विचारता, पाणी मिळतं. इतकी वर्षं मला ती घरातली एक सवय वाटायची.

परवा निघते. रांजण मी आल्यावर घासून भरते, तोवर त्याला रिकामा राहू देऊ नकोस.

तुझी नात