इरेज करण्यापूर्वी

यंदा गणपतीच्या आधीचा अख्खा वीकेंड एका काळ्या डबीने खाल्ला.

डबी म्हणजे माझी एक टीबीची एक्स्टर्नल हार्ड डिस्क. 2019 साली पहिल्या पगारातून घेतलेली. इंजिनिअरिंगच्या नोट्स, मित्रांकडून 'आणलेले' सिनेमे, ट्रेकचे फोटो आणि घरातल्या प्रत्येक फोनमधून वेळोवेळी ओतलेला माल. आत नक्की काय आहे ते मलाही माहीत नव्हतं. माळ्यावरच्या ट्रंकेसारखं. आहे, एवढं माहीत.

इतकी वर्षं लॅपटॉप विंडोजचा होता, त्यामुळे प्रश्नच नव्हता. यंदा मॅकबुक घेतलं. "ताईच्या पिल्लाच्या बारशाचे फोटो त्या डबीत टाकून आण रे, बाबांना कॉम्प्युटरवर मोठे करून बघायचेत," असं आईने फोनवर बजावलं. डिस्क जोडली, जुने फोटो दिसले, पण नवीन काही पेस्टच होईना! कारण साधं. डिस्क एनटीएफएस फॉरमॅटची, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या घराण्यातली. मॅक ती वाचतो, पण आपणहून तिच्यावर लिहीत नाही. त्यासाठी वेगळी सॉफ्टवेअर मिळतात, पण म्हटलं, एकदाच फॉरमॅट करून मोकळं होऊ.

आता फॉरमॅट कोणता? मॅक आहे तर मॅकचाच एपीएफएस घे, असं आतला इंजिनिअर म्हणत होता. तेवढ्यात डोळ्यासमोर बाबा आले. कराडच्या घरी अजून विंडोजचाच जुना पीसी आहे. त्याला ही डिस्क लावली तर एक तर ती दिसणार नाही, नाहीतर पीसी विचारणार, 'फॉरमॅट करू का?' बाबांची सगळी हयात सरकारी नोकरीत गेली. समोरून नम्रपणे विचारणा झाली की ते मंजुरी देतात. खेळ खलास!

म्हणून एक्सफॅट. हाही मायक्रोसॉफ्टचाच, 2006 सालचा, पण मॅक आणि विंडोज दोघंही तो वाचतात आणि त्याच्यावर लिहितात.

फॉरमॅट म्हणजे आधी बॅकअप आला. डिस्कवर सहाशे जीबी माल आणि मॅकमध्ये जागा सगळी मिळून 256. रूममेटची डिस्क उसनी घेतली आणि कॉपी लावून चहा प्यायला गेलो. परत येऊन बघतो तर मॅक एका फाइलवर अडून बसलेला. म्हणे ही फाइल या डिस्कच्या फॉरमॅटसाठी फार मोठी आहे. रूममेटने त्याची डिस्क जुन्या टीव्हीला चालावी म्हणून फॅट32 केली होती. फॅट32 मध्ये फाइलचा आकार लिहायला 32 बिट्सच असतात, त्यामुळे एक फाइल 4 जीबीच्या पुढे जाऊच शकत नाही. माझी होती सहा जीबीची. नाव नुसते आकडे. असेल एखादा सिनेमा, सोडून देऊ, असं म्हणून पुढे जाणार होतो. खरंच जाणार होतो. पण सहज डबल क्लिक केलं.

आजी.

एप्रिल 2020. लॉकडाऊनमध्ये घरी अडकलो होतो. दुपार सरत नव्हती म्हणून डब्याला फोन टेकवला आणि आजीला कोयनेच्या भूकंपाबद्दल विचारलं. 11 डिसेंबर 1967 ची पहाट. आजी तेव्हा पाटणजवळ राहायची. "मांडणीवरची भांडी खणाखणा खाली आली. मला वाटलं मांजर हाय. मग भितच हलाया लागली. तुझा बाप दोन वर्साचा. गोधडीसकट उचलला आन् पळाले अंगणात. थंडी मरणाची, पण आत जायाचं धाडस कुणाला हुईना. आन् हा गडी झोपल्यालाच!"

सत्तेचाळीस मिनिटं. नंतर मी ते एकदाही उघडलं नव्हतं. 2022 मध्ये आजी गेली. तिचा एवढा आवाज दुसरीकडे कुठेच नाही, आणि मी तो सिनेमा समजून सोडून देणार होतो.

ती फाइल मॅकवर घेतली. एक कॉपी क्लाउडवर टाकली. मॅकवरची कॉपी शेवटपर्यंत चालवून बघितली. मग डिस्क युटिलिटी उघडली, डिस्क निवडली, एक्सफॅट निवडलं आणि 'इरेज'वर बोट ठेवून नुसता बसून राहिलो. तसं बघितलं तर अशा झटपट फॉरमॅटमध्ये सगळा डेटा त्या क्षणी पुसला जात नाही. पुस्तकाची अनुक्रमणिका फाडल्यासारखं होतं, पानं बराच काळ तिथेच असतात. हे सगळं पाठ आहे, तरी हात थंड पडले होते. प्रत्यक्षात काम अर्ध्या मिनिटात झालं. त्याआधीच्या निवडानिवडीला दोन दिवस लागले.

गणपतीला कराडला गेलो. बाबांच्या पीसीला डिस्क लावली. चालली! बारशाचे फोटो बघून झाले, मग काही न बोलता ती फाइल लावली. बाबा खुर्ची पुढे ओढून बसले. गोधडीचा भाग आला तसे हसले, मग एकदम गप्प झाले. आई स्वयंपाकघरातून हात पुसत येऊन दारातच उभी राहिली. सत्तेचाळीस मिनिटं कुणीही उठलं नाही.

बाबांना एकच गोष्ट शिकवली. एक्सफॅटमध्ये जर्नलिंग नसतं, म्हणजे अर्धवट राहिलेल्या कामाची नोंद ठेवली जात नाही. मध्येच वायर उपटली तर डेटाचा घोळ होऊ शकतो. "आपण घरातून निघताना 'येतो' म्हणतो ना बाबा, तसं तिला आधी सांगायचं, मग काढायची."

रात्री मी झोपायला गेलो तेव्हा पीसी चालूच होता. आतून आजीचा आवाज येत होता. थोड्या वेळाने बाबांची हाक आली, "अरे, ती 'येतो'वाली खूण कुठं असते म्हणालास?"

असो. तुमच्याही घरात अशी एखादी काळी डबी असेल. फॉरमॅट करायच्या आधी एकदा उघडून बघा.