रोमची मांजरे आणि आमच्या सोसायटीचा जिना

रोम शहरातील पँथिऑनच्या देवळापासून दक्षिणेकडे पाच-सात मिनिटे चालत गेले की एक गजबजलेला चौक लागतो. लार्गो दी तोर्रे आर्जेंतिना हे त्याचे नाव. एका बाजूस जुने नाट्यगृह, भोवती बसगाड्यांची अखंड वर्दळ आणि मध्यभागी कठड्याने वेढलेला मोठा खोलगट भाग. कठड्यावरून खाली डोकावले म्हणजे आजच्या रस्त्यापेक्षा बऱ्याच खालच्या पातळीवर चार प्राचीन मंदिरांचे अवशेष दिसतात. १९२० च्या दशकाच्या अखेरीस येथील जुनी घरे पाडताना ते उजेडात आले. त्यांच्याच मागे पाँपेच्या सभागृहाचा दगडी पाया आहे. इसवी सनापूर्वी ४४ या वर्षी जूलियस सीझरची हत्या झाली, ती तेथे.

प्रवासी येतात सीझरसाठी. पण त्यांची नजर खिळून राहते ती मांजरांवर. एखादे भग्न खांबावर पाय पोटाशी घेऊन बसलेले असते, एखादे पायऱ्यांवर उन्हात पसरलेले. पत्नीचे गुडघे दुखत असल्याने आम्ही दोघे त्या कठड्याशी बराच वेळ टेकून होतो. तेव्हा तीच म्हणाली, “अहो, पाहा ना, यांच्या एका कानाचे टोक कापलेले दिसते.”

वाचकहो, त्या कापलेल्या टोकातच या लेखाचे सार आहे.

चौकाच्या कोपऱ्यातील पायऱ्या उतरून गेले की मांजरांचा निवारा लागतो. १९९० च्या दशकाच्या आरंभापासून तो स्वयंसेवकांच्या बळावर चालतो. रस्त्यावरच्या मांजरांना नेमाने खाऊ घालणाऱ्या बायकांना इटलीत ‘गात्तारा’ म्हणतात. आम्हांला भेटलेल्या बाई आमच्याच वयाच्या होत्या. आंधळी, तीन पायांची, बाहेर टिकाव धरू न शकणारी मांजरे आत सांभाळलेली होती. बाकीची अवशेषांत मोकळी. कानाविषयी विचारताच त्या म्हणाल्या, “म्हणजे हिची शस्त्रक्रिया झाली आहे. हिला पुन्हा पकडायचे नाही.” भूल दिलेली असतानाच कानाचे टोक छाटतात, लांबूनही ओळखता येते.

इटलीत ही केवळ हौस नाही. १९९१ च्या २८१ क्रमांकाच्या कायद्यान्वये मोकळ्या मांजरांचा छळ करण्यास मनाई आहे. स्थानिक आरोग्य यंत्रणेने त्यांचे निर्बीजीकरण करून त्यांना पुन्हा त्यांच्याच कळपात सोडायचे असते. गंभीर आजारी वा असाध्य अवस्थेतील मांजरालाच दयामरण देता येते. हे काम सार्वजनिक आरोग्याचे मानले गेले आहे, ही गोष्ट मला डॉक्टर म्हणून विशेष वाटली. सारे सुरळीत चालले असेही नाही. पुरातत्त्व अधिकाऱ्यांनी २०१२ च्या सुमारास निवाऱ्याच्या जागेवर आक्षेप घेतला होता. तरीही निवारा टिकला, आणि जून २०२३ पासून अवशेषांमधून प्रवाशांसाठी मार्गिकाही खुल्या झाल्या. मांजरे व माणसे तेथे एकत्र नांदतात.

निरोप घेताना त्या बाईंनी सहज विचारले, “तुमच्याकडे काय करतात?” मला उत्तर देता आले नाही.

पुण्यातील आमच्या सोसायटीत दोन वर्षांपूर्वी नऊ मांजरे होती. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी, माझ्या जुन्या रुग्ण, त्यांना जिन्यातच दूधभात घालीत. पतीच्या निधनानंतर सकाळी उठण्याचे तेच एक निमित्त त्यांना उरले होते. एके दिवशी पिल्लाला हुसकावताना पहिल्या मजल्यावरच्या आजोबांच्या हाताला मांजरी चावली. ते मधुमेही, दुसऱ्या दिवशी हात सुजून लाल झाला आणि चार दिवस रुग्णालयात काढावे लागले. तक्रार खोटी नव्हती. कमिटीने माझे मत लेखी मागितले. ‘आरोग्यास अपायकारक, तातडीने हटवावीत’ असे लिहून मी सही केली. एका रात्री मांजरे पोत्यात भरून दूरच्या मंडईपाशी सोडण्यात आली.

आठवड्याने आजींचा रक्तदाब तपासायला गेलो. त्यांनी गोळ्या घेणे सोडले होते. एवढेच म्हणाल्या, “डॉक्टर, त्या कागदावर सही तुमचीच ना?”

आणि एवढे करून साधले काय? कचऱ्याची जागा तीच, उंदीर तेच, जिन्याचा आडोसा तोच. मोकळी झालेली जागा दुसऱ्या मांजरांनी व्यापली. काही महिन्यांत तीन नवी आली. त्यांतली एक गाभण. मांजरीचा गर्भकाळ सुमारे नऊ आठवड्यांचा, एका वेळी बहुधा तीन ते पाच पिल्ले, आणि ती पिल्ले पाच-सहा महिन्यांतच स्वतः प्रजननक्षम. वर्षाच्या आत जिना पूर्ववत झाला. रोगाचे निदान न करता लक्षण दाबावे, तसेच मी केले होते.

नुसते हाकलणे हा उपाय नव्हे, हे मी असे शिकलो. पण नुसते खाऊ घालणे हीदेखील पुरती दया नव्हे. पोसलेल्या मांजरीची पिल्ले जिन्यात जन्मतात आणि त्यांतली कित्येक डोळ्यांदेखत मरतात. खाऊ घालणारा हात आणि शस्त्रक्रिया करणारा हात एकत्र आले, तरच संख्या हळूहळू उतरते. निर्बीज झालेली मांजरे आपली जागा राखतात, बोक्यांची रात्रीची भांडणे व लघवीचा उग्र वास कमी होतो. मात्र वस्तीतील बहुतेक सर्व मांजरांची शस्त्रक्रिया व्हावी लागते. दोन-चारांची करून भागत नाही.

परत आल्यावर मी कमिटीपुढे उभा राहिलो आणि आधी माझे पत्र मागे घेतले. मग आजींकडे गेलो, कारण कोणते मांजर केव्हा येते, कोणती मांजरी व्यायलेली आहे, हे सारे त्यांनाच ठाऊक होते. त्यांनी वहीत रंगावरून यादी केली. जेवणाची वेळ ठरली, ताटली जिन्यातून हलवून मागच्या भिंतीपाशी नेली. पकडण्याच्या आदल्या रात्री खाणे बंद, पहाटे प्राणिसेवकांचा सापळा-पिंजरा, मांजर आत जाताच पिंजऱ्यावर जाड कापड. अंधारात ते शांत होते. शस्त्रक्रिया, रेबीजची लस, कानाची खूण, देखरेखीखाली विश्रांती आणि पुन्हा तीच जागा. अगदी लहान पिल्ले माणसाळतात, म्हणून त्यांतल्या दोघांना घरे मिळाली. एक करडी मांजरी मात्र चार महिने पिंजऱ्याला चकवत राहिली.

आपल्या घरी वा सोसायटीत असा प्रश्न असेल, तर काही गोष्टी ध्यानात असू द्या.

भारत सरकारच्या २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार परिसरातील प्राण्यांना खाऊ घालण्याची जागा जिना, प्रवेशद्वार, मुलांच्या खेळण्याची जागा यांपासून दूर आणि ज्येष्ठांचा वावर कमी असेल अशी ठरवायची असते. वेळही नेमायची असते. अंधाऱ्या जिन्यात पायात आलेले मांजर म्हणजे खुब्याच्या हाडाला निमंत्रण.

मोकळ्या मांजराला ज्येष्ठांनी हाताने पकडू वा उचलू नये. पुष्कळ मोठ्या मांजरांना दूध पचत नाही. स्वच्छ पाणी ठेवावे आणि उरलेले अन्न अर्ध्या तासात उचलावे.

मांजर चावले वा त्याने ओरबाडले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट काही लावू नये. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. रेबीजची लस, धनुर्वाताचे इंजेक्शन, आणि रक्त आले असल्यास इम्युनोग्लोब्युलिनही लागू शकते. मांजराचा दात सुईसारखा खोल जातो. वरून जखम क्षुल्लक दिसली तरी आत जंतू पोहोचलेले असतात. मधुमेहींनी एक दिवसही थांबू नये.

गर्भवती स्त्रिया, तसेच स्टेरॉइड, केमोथेरपी किंवा अवयव-प्रत्यारोपणानंतरची औषधे घेणाऱ्यांनी मांजराची विष्ठा साफ करू नये. इतरांनी हातमोजे घालून ती रोजच्या रोज उचलावी. टोक्सोप्लाझ्माचे बीज संसर्गक्षम होण्यास किमान एक दिवस लागतो.

आणि शुश्रूषा करणाऱ्यांना एक विनंती. आई-वडिलांचे मांजरवेड त्रासदायक वाटले, तर ते तोडण्याआधी त्याला शिस्त लावून पाहा. एकाकी घरात ‘माझी कुणीतरी वाट पाहते’ ही भावना औषधाच्या यादीत लिहिता येत नाही.

आमच्याकडे आता सहा मांजरे आहेत, साऱ्यांचे कान खुणेचे. पहिल्या मजल्यावरचे आजोबा अजूनही त्यांच्याकडे पाहत नाहीत, आणि तो त्यांचा अधिकार आहे. करडी सापडली त्या दिवशी आजींनी वहीतल्या शेवटच्या नावापुढे खूण केली आणि वही माझ्यापुढे सरकवली. म्हणाल्या, “डॉक्टर, येथे सही करा.”